सीटखाली बसेल अशी बॅग

हैदराबादच्या इस्पितळातल्या बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. फोन आला की निघायचं. आंघोळ राहिली, देवपूजा राहिली, पाहुण्यांना कळवायचं राहिलं, काही चालणार नाही. विमानानं येणार असाल तर सोबत हातातली एकच बॅग आणा, ती तुमच्याजवळ आत राहील अशी. बाहेर पट्ट्यापाशी सामानाची वाट बघत उभं राहण्याइतका वेळ अशा दिवशी कुणाकडंच नसतो.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. वाळूजच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडलं की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि ते जायचे. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता ते त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांनी थेट डायलिसिसचीच गोष्ट काढली. आता आठवड्यातून तीनदा आम्ही जातो. सकाळ सगळी तिथंच जाते, आणि दुपारी घरी आणल्यावर ते नुसते पडून राहतात.

आम्हाला मूलबाळ नाही. किडनी मी देणार होते. रक्तगट जुळला त्या दिवशी मी शिरा केला होता. पुढच्या तपासण्यांत मलाच साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्या किडन्या तुम्हालाच जपायच्यात." माझी नणंद हैदराबादला असते, ती यांच्याहून मोठी. ती एका पायावर तयार होती, पण तिचा रक्तगट वेगळा. मग तिनंच तिथल्या मोठ्या इस्पितळात यांचं नाव नोंदवायला लावलं. म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस जाईल, त्याच्या घरचे त्या दुःखातही हो म्हणतील, आणि ते आपल्याला जुळेल, त्या दिवसाची वाट बघायची.

नाव नोंदवायला गेलो तेव्हा आम्ही आमची जुनी मोठी सूटकेस नेली होती. औषधांचा डबा आणि रिपोर्टची फाइल मी तिच्यातच ठेवलेली. हैदराबादला उतरलो. पट्टा फिरत राहिला, लोक आपापलं सामान उचलून गेले आणि आमची सूटकेस आलीच नाही. हे तिथल्याच एका ढकलगाडीच्या कडेवर टेकून बसले होते. पाय सुजलेले. मी या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होते. सूटकेस दुसऱ्या दिवशी मिळाली, पण फाइल नसल्यानं डॉक्टरांची वेळ हुकली ती हुकलीच. आम्हाला पुन्हा जावं लागलं.

तेव्हापासून यांनी बॅगेचं मनावर घेतलं.

मी म्हणत होते, लहानशी चाकांची बॅग घेऊ. ओढायला सोपी.

"एका हातानं बॅग ओढशील," ते म्हणाले, "दुसऱ्या हातात फाइल. मग मला कुठल्या हातानं धरशील?"

तोवर त्यांनी कधी आपल्याला धरावं लागतं असं तोंडानं म्हटलं नव्हतं. रस्ता ओलांडताना मी दंड धरला की ते दुसरीकडं बघायचे. त्यामुळं मी चाकांचा हट्ट सोडला. बॅग पाठीवरचीच घ्यायची ठरलं. त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी नस जोडलेली आहे. त्या हातावर वजन चालत नाही, साधं घड्याळसुद्धा चालत नाही. बॅग माझ्या पाठीवर येणार हे उघडच होतं. मी मूळची पाचोडची. आमच्या शाळेत कापडी पिशव्या होत्या, त्या काखेला अडकवायच्या. पाठीवर बॅग मी आयुष्यात घेतली नव्हती.

डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या ते मोबाइलवर बॅगांचे व्हिडिओ बघायचे. डोंगर चढणारी पोरं बॅगा उघडून दाखवायची, चेन ओढायची, कप्पे मोजायची. हे मला संध्याकाळी सांगायचे, चाळीस लिटरची मोठी होईल, तिसाच्या आसपास पाहिजे. मला लिटर म्हटलं की पाणीच डोळ्यांपुढं यायचं. त्यांना दिवसाला पाणी मोजून मिळतं. उन्हाळ्यात ते बर्फाचा खडा गालात धरून बसतात. तो माणूस बॅगेचे लिटर बोलायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जायची.

पैठण गेटपाशी एका दुकानात गेलो. दुकानदार वयस्क होता, बोलायला गोड. मी बॅग कुणासाठी ते सांगितल्यावर तो हसला.

"भाभी, ये तो कालिज के बच्चों का माल है. आपको ट्रॉली दिखाता हूं."

"पाठीवरचीच दाखवा," हे म्हणाले. "आणि आत वजन टाका. रिकामी घालून कळत नसतं."

त्यानं दुसऱ्या बॅगा घड्या करून त्या बॅगेत कोंबल्या, वर दोन मोठी कुलपं टाकली. मी बॅग पाठीवर घेतली. ओढणी पट्ट्यात अडकली, ती सोडवली. समोरच्या आरशात मला मी दिसले. पन्नाशीची बाई आणि पाठीवर पोरीसारखी बॅग. यांना त्याचं काही नव्हतं. ते माझ्यामागं उभे राहून पट्टे आवळत होते, सैल करत होते.

"भार खांद्यावर नाय यायला पाहिजे. कमरेवर यायला पाहिजे. आता चालून दाखव."

मी दुकानाच्या दारापर्यंत चालले आणि परत आले. ते कमरेचा पट्टा बघायला खाली वाकले आणि त्यांना धाप लागली. दुकानदारानं पटकन स्टूल सरकवलं. ते बसले. बोटं पट्ट्यावरच होती. मी तशीच उभी राहिले, कारण किती महिन्यांनी ते कशात तरी इतकं लक्ष घालत होते.

"किधर की टूर है साहब?" दुकानदारानं विचारलं.

"हैदराबाद."

"तो फिर भाभी के वास्ते मोती लाओ. चारमिनार के पास अच्छे मिलते."

"हौ, बघू," हे म्हणाले.

ती बॅग घेतली आणि दोन दिवसांनी परत केली. वरच्या चिठ्ठीवर माप बरोबर होतं, पण भरली की पोट पुढं यायचं. यांच्याकडं कारखान्यातला स्टीलचा टेप आहे, त्यानं ते तिन्ही बाजू मोजायचे. आपल्याकडून हैदराबादला जाणारं विमान लहान असतं, वरचे कप्पेही लहान. तिथं बसली नाही तर दारातूनच बॅग काढून घेतात आणि विमानाच्या पोटात टाकतात. म्हणून त्यांना सीटखाली सरकेल अशीच हवी होती. निराला बाजारातून दुसरी आणली, तीही परत गेली. तिला वरून एकच तोंड होतं. तळातलं औषध काढायचं तर सगळं उपसावं लागायचं. तिसऱ्यांदा टेप निघाला तेव्हा माझा तोल गेला.

"अहो, बॅग बोटभर लहान-मोठी झाल्यानं फोन लवकर येणारे का?"

त्यांनी टेप हळूहळू गुंडाळला.

"नाय येणार. पण फोन आला आन् बॅगेपायी राहिलं, तर?"

त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं हे मला तेव्हा नीट समजलं. कोण जाणार, कधी जाणार, रक्त जुळणार की नाही, विमानाची वेळ सापडणार की नाही, यातलं काही टेपनं मोजता येत नव्हतं. बॅग तेवढी मोजता येत होती.

शेवटी जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात राखाडी रंगाची मिळाली. चेन तिन्ही बाजूंनी फिरायची आणि बॅग पुस्तकासारखी उघडायची. घरी आल्यावर त्यांनी ती जेवणाच्या खुर्चीखाली सरकवून पाहिली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. मी भरली. त्यांचे दोन शर्ट-पायजमे, माझे दोन ड्रेस, दोन नव्या चादरी, टॉवेल, सपाता, साबण, पेला, चमचा, औषधांचा डबा, फाइल. भाजीवाल्याकडं असतो तसा काटा त्यांनी आणवला होता. हँडलला अडकवून मी उचलायची आणि ते आकडा वाचायचे. सात किलोच्या आत बसायलाच पाहिजे होतं. माझा एक ड्रेस बाहेर काढला तेव्हा बसलं.

मग ती बॅग पुढच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर राहिली. आलेला माणूस विचारायचा, "कुठं निघाले का?" सुरुवातीला मी सगळं सांगायची. नंतर नुसतं "हो, जायचंय" म्हणायची. थंडी आली तसा तिच्यात स्वेटर गेला, उन्हाळ्यात तो निघाला. औषधं जुनी व्हायची, ती बदलायची. फोन मोठ्या आवाजावर असायचा. तो वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो, आणि बहुतेक वेळा कर्ज हवंय का विचारणारी पोरगी असायची.

एक गोष्ट आम्ही बोलत नव्हतो. टीव्हीवर हैदराबादकडच्या अपघाताची बातमी आली, की हे चॅनल बदलायचे. माझ्या मनात जे यायचं तेच त्यांच्याही मनात येत असणार. कुणाच्या तरी दारात रडारड झाल्याशिवाय आपल्या घरात फोन वाजणार नाही, हे मनात धरून रोज देवापुढं काय मागायचं? मी नुसते हात जोडायची. मागायची काही नाही.

फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. इस्पितळातल्या बाईंनी विचारलं, ताप आहे का, खोकला आहे का, सकाळपासून काय खाल्लं. चहा आणि दोन बिस्किटं, मी सांगितलं. आता पाणीही देऊ नका, म्हणाल्या, आणि किती वेळात पोचता ते कळवा. त्या दिवशी विमान होतं आणि जागाही होत्या. शेजारच्या दादांनी गाडी काढली. हे तोंड धुऊन शर्ट घालेपर्यंत मी गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि बॅग पाठीवर घेतली. कमरेचा पट्टा लागला. माझे दोन्ही हात मोकळे होते. जिना उतरताना मी त्यांना धरलं आणि त्यांनी दुसरीकडं पाहिलं नाही.

चिकलठाण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅग वजनाला लावली, काही न बोलता परत दिली. विमानाच्या शिडीपाशी मात्र एक माणूस लोकांच्या चाकांच्या बॅगा काढून घेत होता. वर जागा नाही म्हणत होता. एक गृहस्थ त्याच्याशी भांडत होते. त्या माणसानं माझ्या पाठीकडं एकदा पाहिलं आणि वर जा अशी खूण केली. आत जाऊन मी बॅग सीटखाली ढकलली. ती पूर्ण आत गेली.

"बसली," हे म्हणाले.

ते हसत होते. मीही हसले. हैदराबादला पट्ट्याभोवती गर्दी होती. आम्ही तिच्या शेजारून सरळ बाहेर आलो. बाहेर माझी नणंद, आमची ताई, उभीच होती. तिनं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गाडीत बसवलं. ठरवलं होतं ते सगळं ठरवल्यासारखं झालं होतं.

इस्पितळात त्यांचं रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, इस्पितळाचे कपडे दिले. मी आणि ताई बाहेर बाकावर. आमच्या समोर एक माणूस जमिनीवर उकिडवा बसला होता. त्याचा शर्ट, हात, कानामागचे केससुद्धा पिवळे. ताईनं विचारलं तेव्हा म्हणाला, निजामाबादचा, हळदीच्या बाजारात पोती उचलतो. फोन आला तसा पोतं खाली टाकून घरी गेला, पोरीला घेतलं आणि निघाला. पोरगी विशीतली. बायको नाही. सोबत पिशवीसुद्धा नव्हती, पोरीची फाइल तेवढी छातीशी.

"आपका भी आज का फोन है क्या?" त्यानं मला विचारलं.

मी हो म्हणाले. म्हणताना मला वाटत होतं, किडन्या दोन असतात, एक यांची, एक तिची.

थोड्या वेळानं बाई आल्या. त्यांनी मला बाजूला नेऊन समजावून सांगितलं. इथं एकच किडनी आली आहे. अशा वेळी दोघांना बोलावतात. पहिलं नाव त्या मुलीचं आहे, आमचं दुसरं. तिचं रक्त जुळलं नाही, तर किडनी यांना. फोनवर हे सांगितलं होतं, म्हणाल्या. सांगितलं असेलही. मला ऐकल्याचं आठवत नव्हतं.

मी परत येऊन बाकावर बसले. समोर तो माणूस. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हते, कारण आता मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्याच्या पोरीचं जुळू नये. मला ते वाटणं थांबवता येत नव्हतं. ताई पोथी काढून वाचायला लागली. तो आतल्या दाराकडं टक लावून बसला होता, आणि मीही त्याच दाराकडं बघत होते.

दिवस मावळायच्या सुमाराला बाई पुन्हा आल्या. आधी त्याच्याकडं गेल्या. त्याला चटकन समजलं नाही, मग तो भिंतीला डोकं टेकून बसला. त्यानंतर त्या आमच्याकडं आल्या. हे तोवर व्हीलचेअरवर बाहेर आले होते. "आज नाही, सर," त्या म्हणाल्या. "नाव आहे तसंच राहील." यांनी मान हलवली आणि विचारलं, "पाणी पिऊ का?"

त्या माणसाला नर्सनं सांगितलं, चादर, टॉवेल, सपाता, पेला, साबण आणा. दुकान इस्पितळाच्या फाटकाबाहेर होतं. तो जाईना. मी गेलो आणि आतून बोलावलं तर, असं म्हणत होता. हे ते बघत होते.

"आपल्या बॅगेतलं दे त्याला."

"बाहेर दुकान आहे. ताई आणून देतील."

"तो भ्यालाय. दे की. आपल्याला काय लागणारे आता."

मी बॅग जमिनीवर ठेवली आणि चेन फिरवली. ती पुस्तकासारखी उघडली, सगळं एका नजरेत. दोन्ही चादरी दिल्या, टॉवेल दिला, सपाता दिल्या. त्या यांच्या मापाच्या होत्या, पोरीला मोठ्या झाल्या असतील. पेला, चमचा, साबण. मी चांगुलपणानं देत नव्हते. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. त्या माणसानं वस्तू घेतल्या आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मी रडायला लागले. त्याला वाटलं, मी त्याच्या पोरीसाठी रडते आहे. "अच्छा होगा, अम्मा, अच्छा होगा," असं तोच मला म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी यांचं डायलिसिस तिथंच करून घेतलं, कारण घरचा वार चुकला होता. परत रेल्वेनं आलो. बॅग इतकी हलकी झाली होती की पाठीवर इकडून तिकडं सरकत होती. हे खिडकीशी बसून होते. परभणी गेल्यावर म्हणाले, "चादरी आता पातळ घेऊ. वजन वाचतं." मी बरं म्हणाले.

चादरी घेतल्या. बॅग पुन्हा भरली, पुन्हा त्याच खुर्चीवर गेली. काही महिन्यांनी त्या माणसाचा फोन आला. नंबर ताईनं दिला होता. हे बोलले, मी शेजारी बसून ऐकत होते. पोरगी बरी होती. लघवी चांगली होते, तो मोठ्यानं सांगत होता, भरपूर पाणी पिते. यांना लघवी होऊन दोन वर्षं झाली असतील. "अच्छा है, अच्छा है," ते म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बरं झालं पोरीचं." आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, एवढं मी त्यांना ओळखते.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. त्यातून जंतुसंसर्ग. बरेच दिवस इथं दवाखान्यात होते. हृदयाची ताकद कमी झाली आहे, डॉक्टर म्हणाले. हैदराबादला रिपोर्ट पाठवले, तर बाईंचा फोन आला. या वेळी मी प्रत्येक शब्द नीट ऐकला. नाव काढलेलं नाही, पण तूर्त थांबवलं आहे. हृदय आणि छाती सुधारली की पुन्हा सुरू करू. तोवर फोन येणार नाही.

मी त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दुपारी आम्ही रिक्षानं घरी निघालो होतो. आमचं घर हर्सूलकडं आहे. ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते.

"मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले ना, छाती आधी साफ होऊ द्या."

"ते ऐकलं मी. आत्ता काय करायचं, ते विचारतोय. घरी गेल्यावर."

रिक्षा थांबली होती, पुढं भाजीच्या गाड्या लागलेल्या होत्या. त्यांना पालेभाजी अशी खाता येत नाही, उकळून पाणी काढून टाकावं लागतं आणि मग तिला चवच राहत नाही. तरी मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.

"मेथी घेते," मी म्हणाले.

"घे," ते म्हणाले.

मी उतरले आणि मेथीची जुडी निवडायला लागले. मागं वळून पाहिलं तर ते रिक्षाच्या दांडीला उजव्या हातानं धरून माझ्याकडं बघत होते.